विषाणू नंतर, आधी यंत्र शोधा

हिंजवडीच्या आयटी पार्कमधून नेरे-दत्तवाडीच्या रस्त्याने कासारसाई गाठायला फार वेळ लागत नाही. रस्त्याच्या एका टोकाला परदेशी कंपन्यांच्या नेटवर्कचं काम बघणारे इंजिनिअर. दुसऱ्या टोकाला धरण, ऊस, श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आणि मुळशी-मावळात सगळीकडे दिसतात तशा पतसंस्था, शाळा, दूध संकलन केंद्रं, छोटे वर्कशॉप. या दुसऱ्या टोकालाही आता संगणकांची वाण नाही. दहा-पंधरा संगणक, दोन प्रिंटर, चार कॅमेरे, बोटाच्या ठशावर हजेरी घेणारं यंत्र, सगळं एका सोळा पोर्टच्या स्विचला जोडलेलं. कमी असतो तो हे सगळं बघणारा माणूस. ‘संगणकाचं बघतो’ असं ज्याच्याबद्दल सांगितलं जातं तो मुळात लेखापाल असतो, नाहीतर शाळेतला गणिताचा शिक्षक. हा लेख त्याच्यासाठी आहे.

तक्रार सहसा अशी येते. इंटरनेट रेंगाळतं. गूगल उघडलं की ‘तुम्ही रोबो नाही ना’ असं विचारून चित्रं ओळखायला लावतं. पाठवलेल्या मेल परत येतात आणि त्यात लिहिलेलं असतं की तुमचा पत्ता काळ्या यादीत आहे. किंवा ब्रॉडबँडवाल्याचा फोन येतो, ‘तुमच्याकडून व्हायरसची ट्रॅफिक जातेय, बघा जरा.’ कोणत्या संगणकावरून, ते त्याला सांगता येत नाही. बाहेरून तुमच्या सगळ्या संगणकांचा मिळून एकच आयपी पत्ता दिसतो, राउटरचा. आतल्या पंधरांपैकी कोण, हे फक्त आतूनच कळतं.

शोधाशोध सुरू करण्याआधी एक खात्री करून घ्या, कारण ती केली नाही तर आठवडा फुकट जातो. राउटरच्या पानावर जाऊन त्याला बाहेरून मिळालेला पत्ता पाहा. तो १०० ने सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, किंवा पत्ता १० ने सुरू होत असेल, तर तुमचा केबलवाला एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटून देतोय. अशा वेळी काळ्या यादीत गेलेला पत्ता शेजारच्या हॉटेलामुळेही गेलेला असू शकतो. हे खरं-खोटं आधी ब्रॉडबँडवाल्याकडून करून घ्या, मग आपल्या लोकांवर संशय घ्या.

आता मुख्य गोष्ट. असा फोन आला की बहुतेक जण प्रत्येक संगणकासमोर बसून अँटिव्हायरसचं स्कॅन लावत सुटतात. पंधरा संगणक, प्रत्येकी दोन तास. सगळीकडे हिरवी खूण येते आणि तक्रार तशीच राहते. बाधा झालेल्या संगणकाला त्याच्याच बद्दल विचारण्यात अर्थ नसतो. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये पसरू लागलेला कॉन्फिकर हा विषाणू याचा उत्तम नमुना. संगणकात शिरला की तो विंडोज अपडेट बंद पाडायचा, आणि अँटिव्हायरस कंपन्यांची नावं असलेले वेबपत्ते उघडूच द्यायचा नाही. मात्र कितीही लपला तरी त्याला तारेवरून बोलावंच लागतं. शेजारच्या संगणकांची दारं ठोठावावी लागतात, बाहेर बसलेल्या मालकाकडून हुकूम घ्यावे लागतात. ते बोलणं दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून ऐकायचं. विषाणूचं नाव-गाव नंतर. आधी यंत्र.

(कॉन्फिकरच्या याच खोडीवरून निघालेली एक साधी तपासणी आजही करून बघण्यासारखी आहे. बाकी सगळ्या साइट उघडतात, पण दोन-तीन अँटिव्हायरस कंपन्यांच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या अपडेटच्या साइट तेवढ्या उघडत नाहीत, असा संगणक सापडला तर संशयितांच्या यादीत त्याचं नाव वर लिहा.)

यंत्र शोधायचं तर यंत्रांची यादी हवी. ती बहुतेक ठिकाणी नसते, असं म्हणायला आकडेवारीची गरज नाही. तुमच्या ऑफिसात आहे का ते बघा. एक शंभरपानी वही पुरते. प्रत्येक ओळीत यंत्राची जागा, वापरणाऱ्याचं नाव, आयपी पत्ता, मॅक अ‍ॅड्रेस आणि ते स्विचच्या कितव्या पोर्टला जोडलंय ते. आयपी पत्ता राउटर वाटतो आणि तो बदलू शकतो. मॅक अ‍ॅड्रेस नेटवर्क कार्डावर कारखान्यातच कोरलेला असतो, म्हणून खरा भरवसा त्याच्यावर. त्याचे पहिले सहा अक्षरांक कंपनी सांगतात, त्यामुळे अनोळखी पत्ता दिसला तरी तो प्रिंटर आहे की कॅमेरा याचा अंदाज येतो. हल्लीचे मोबाइल मात्र वायफायला जोडताना बनावट मॅक दाखवतात, तेव्हा मोबाइलसाठी पाहुण्यांचं वेगळं वायफाय ठेवलेलं बरं. यादीतले आयपी आणि मॅक पत्ते राउटरच्या डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, पानावर आयते मिळतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एआरपी’, एक जागा सोडून वजाचं चिन्ह आणि ‘ए’ टाइप केलं तरी तो संगणक नुकताच ज्यांच्याशी बोलला त्यांचे पत्ते समोर येतात.

यादी करताना हमखास एक उपरा सापडतो: कुणीतरी केबिनमध्ये रेंज मिळावी म्हणून बसवलेला दुसरा वायफाय राउटर. त्याच्यामागचे सगळे संगणक मुख्य राउटरला एकच दिसतात, आणि माग तिथेच तुटतो. त्याला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाका म्हणजे मागची यंत्रं उघडी दिसतील.

आणि घड्याळ. आपल्याकडे वीज जाते. स्वस्त राउटरमध्ये घड्याळाचा सेल नसतो, त्यामुळे वीज परत आली की तो काही वर्षं मागच्या तारखेपासून मोजायला लागतो. ब्रॉडबँडवाला म्हणतो, ‘काल दुपारी ३.१० ला’, आणि तुमच्या नोंदीत कालची दुपारच नसते. राउटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, संगणक सगळ्यांना इंटरनेटवरून वेळ जुळवायला लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता ऐकायचं कसं ते सांगतो. सुरुवात राउटरपासून. जरा बऱ्या राउटरमध्ये चालू जोडण्यांचा तक्ता दिसतो. केबलवाल्यांच्या आणि छोट्या ऑफिसांच्या आवडीच्या मायक्रोटिकमध्ये तर ‘टॉर्च’ नावाचं साधनच आहे, ते लावलं की कोणता आतला पत्ता बाहेर कुठे, किती बोलतोय ते डोळ्यांसमोर दिसतं. एक पत्ता बाकीच्यांच्या कितीतरी पट जोडण्या उघडून बसलेला दिसला की थांबा आणि तो वहीत शोधा. दोन पोर्ट खास बघायचे. पोर्ट २५ हा मेल सर्व्हरनी एकमेकांना मेल देण्याचा. ऑफिसातल्या संगणकाला मेल पाठवायला ५८७ किंवा ४६५ लागतो, २५ लागायचं काही कारण नाही. म्हणून राउटरवर २५ बाहेर जायला बंद करा आणि अडवलेल्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवायला सांगा. स्पॅम पाठवणारा संगणक त्या नोंदीत स्वतःचं नाव लिहून जातो. दुसरा पोर्ट ४४५, विंडोजच्या फाइल शेअरिंगचा. तो इंटरनेटकडे जाण्याचं कारण छोट्या ऑफिसात नसतं, तोही तसाच बंद.

आतल्या आत पसरणारा किडा मात्र राउटरला दिसत नाही, कारण एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारी माहिती स्विचमधूनच परस्पर जाते. महागडा स्विच असेल तर एका पोर्टची नक्कल दुसऱ्या पोर्टवर घेता येते. तुमच्याकडे तो नसणार. तरीही मार्ग आहे, आणि या सगळ्या खटाटोपातला हा मला सर्वांत आवडणारा भाग. कुठलाही संगणक नेटवर्कमधल्या दुसऱ्याशी बोलण्याआधी मोठ्याने विचारतो, ‘हा आयपी कोणाचा?’ ही एआरपीची हाक स्विच सगळ्या पोर्टांना पोहोचवतो, साधा स्विचसुद्धा. तेव्हा एका स्वच्छ लॅपटॉपवर वायरशार्क हा फुकट मिळणारा प्रोग्राम टाका, तारेने जोडा, फक्त एआरपी दिसेल अशी गाळणी लावा आणि दहा मिनिटं बघत बसा. निरोगी संगणक अधूनमधून राउटरची, प्रिंटरची, फाइल ठेवलेल्या संगणकाची चौकशी करतो. बाधित संगणक .१ कोणाचा, .२ कोणाचा, .३ कोणाचा असं ओळीने .२५४ पर्यंत विचारत जातो, नसलेल्या पत्त्यांचीही हाक मारतो, आणि संपलं की पुन्हा सुरू करतो. विचारणाऱ्याचा मॅक अ‍ॅड्रेस प्रत्येक हाकेत असतो. वही उघडा.

ओळीने विचारणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो, हे इथेच सांगायला हवं. प्रिंटर शोधणारं सॉफ्टवेअर, अँटिव्हायरसचा मुख्य संगणक, मोबाइलवरचं ‘वायफायवर कोण आहे’ सांगणारं अ‍ॅप यांनाही तीच सवय असते. म्हणून एका पुराव्यावर निकाल देऊ नका, दुसरा जुळवा.

दुसरा पुरावा डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेत, मिळतो. विषाणूला आपल्या मालकापर्यंत जायचं तर सहसा एखाद्या नावाचा पत्ता विचारावा लागतो. कॉन्फिकरची पहिली आवृत्ती रोज २५० नावं स्वतःच बनवून एकामागून एक विचारायची. २००९ मधल्या पुढच्या आवृत्तीने ती संख्या रोज ५०,००० वर नेली आणि त्यांतली ५०० विचारायला सुरुवात केली. बहुतेक नावं अस्तित्वातच नसतात, त्यामुळे ‘असं नाव नाही’ या उत्तरांचा ढीग पडतो. हे पाहायला जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय घेऊन त्यावर पाय-होल हा प्रोग्राम बसवा. कोणत्या यंत्राने केव्हा काय विचारलं याचा सगळा हिशेब तो ठेवतो. बसवताना लोक एक ठिकाणी फसतात: पाय-होलचा पत्ता फक्त राउटरलाच दिला, तर सगळे प्रश्न राउटरच्याच नावाने नोंदले जातात आणि आपण होतो तिथेच राहतो. डीएचसीपीमधून थेट प्रत्येक संगणकाला पाय-होलचाच पत्ता द्या, आणि बाकी कोणी पोर्ट ५३ वरून बाहेर विचारू लागला तर त्याला राउटरवर अडवा. अडवलेल्यांची नोंद इथेही कामाची. काही विषाणू, आणि आजकालचे ब्राउझरही, हाच प्रश्न कुलूपबंद करून पोर्ट ४४३ वरून विचारतात. तिथे हा उपाय आंधळा होतो.

नाव सापडलं की लगेच अडवावं, असं कोणालाही वाटेल. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा विषाणू पसरला तेव्हा नेमकं उलट झालं. तो फायलींना कुलूप लावण्याआधी एक लांबलचक नाव उघडतंय का ते बघायचा आणि उघडलं तर गप्प बसायचा. मार्कस हचिन्स या तरुण संशोधकाने ते नाव नोंदवल्यामुळे तो थंडावला. ज्यांनी अतिउत्साहात तेच नाव आपल्या फायरवॉलवर अडवलं, त्यांनी त्याला मोकळं रान दिलं. तेव्हा आधी नोंद बघा, नावाबद्दल वाचा, मग अडवा. त्या किड्याने वापरलेलं भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला, म्हणजे दोन महिने आधीच दिली होती, हेही लक्षात असू द्या.

तिसरा पुरावा विंडोजच्याच दप्तरात असतो. सगळ्यांच्या फायली ज्या संगणकावर आहेत त्याच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटीखाली ४६२५ क्रमांकाच्या नोंदी शोधा. चुकलेल्या पासवर्डच्या त्या नोंदी असतात. (येत नसतील तर लोकल सिक्युरिटी पॉलिसीत चालू करा.) रात्री दोन वाजता एकाच पत्त्यावरून शेकडो वेळा पासवर्ड चुकत असेल तर तिथे माणूस बसलेला नाही. नोंदीत तो पत्ता लिहिलेला असतो.

सापळाही लावता येतो. कपाटात पडलेला एखादा संगणक काढून ताजं विंडोज टाकून नेटवर्कला जोडा, कोणालाही सांगू नका, त्याच्यावर काहीही काम करू नका. त्याची आठवण कोणालाच यायचं कारण नाही. मग त्याच्या ४४५ किंवा ३३८९ (दुरून संगणक चालवण्याच्या) पोर्टवर जो येऊन ठोठावेल त्याला जाब विचारायचा.

आणि हे काहीच जमत नसेल तर ऑफिस सुटल्यावर तारा काढा. गावची नळपाणी योजना गळत असेल तर प्लंबर व्हॉल्व्ह बंद करत करत आळी शोधतो, तसंच. स्विचच्या अर्ध्या तारा काढा. राउटरवरची गडबड थांबली तर रोगी काढलेल्यांत, नाही तर उरलेल्यांत. पुन्हा त्यांच्या अर्ध्या. सोळा यंत्रांतून एक चार फेऱ्यांत हाती लागतं. दोन असतील तर वेळ जास्त जाईल, पण सुटत नाही.

सापडलेलं यंत्र संगणकच असेल असं धरून चालू नका. २०१६ च्या मिराई या विषाणूने मुख्यतः कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटरच पकडले होते. त्याची युक्ती काय, तर कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड पाठ करून टेलनेटवर एकेक आजमावणं. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्याच यंत्रांच्या फौजेने डाइन या डीएनएस सेवा देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटरसारख्या साइट बंद पडल्या. मिराई यंत्राच्या मेमरीतच राहतो, त्यामुळे डीव्हीआर बंद करून चालू केला की तो जातो. पासवर्ड तोच असेल तर थोड्याच वेळात परत येतो. कॅमेरा बसवणारा माणूस शिडी उतरायच्या आत त्याच्याकडून पासवर्ड बदलून घ्या.

यंत्र सापडलं की लॅनची तार काढा, वायफाय बंद करा. पैशांचा किंवा सभासदांच्या माहितीचा प्रश्न असेल तर ते यंत्र बंद मात्र करू नका. मेमरीतला पुरावा बंद केल्यावर जातो. साफसफाईबद्दल थोडक्यात: स्वच्छ संगणकावर बनवलेल्या रेस्क्यू डिस्कने तपासा, शंका राहिली तर फॉरमॅट करा, आणि त्या संगणकावरून वापरलेले सगळे पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदला. पेन ड्राइव्हही तपासा. एक यंत्र आज, दुसरं सोमवारी, असं केलं तर सोमवारचं यंत्र आजच्याला पुन्हा बाधित करतं. सगळी बाधित यंत्रं एकाच वेळी तोडायची आणि एकेक स्वच्छ करून जोडायची. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची बॉट काढण्याची साधनं फुकट मिळतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र बाधित पत्त्यांची माहिती इंटरनेट कंपन्यांनाही कळवतं. कधीकधी ब्रॉडबँडवाल्याच्या फोनमागे तेच असतं.

सगळी यंत्रं अपडेट केलेली आहेत, आपल्याला काय होणार, असं म्हणणाऱ्यांसाठी उरणजवळच्या जेएनपीटी बंदराचं उदाहरण. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या या विषाणूने जहाजवाहतुकीतल्या मर्स्क समूहाच्या संगणकांना ग्रासलं आणि त्या समूहाकडे असलेल्या तिथल्या टर्मिनलचं काम थांबलं. नॉटपेट्या एका संगणकात शिरला की त्याच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचा पासवर्ड काढायचा आणि तो घेऊन दुरुस्ती केलेल्या संगणकांतही राजरोस जायचा. सगळ्या संगणकांना एकच अ‍ॅडमिन पासवर्ड ठेवण्याची आपली सोयीची सवय अशा वेळी अंगाशी येते.

कारखान्यासारख्या ठिकाणी आणखी एक अडचण असते. काट्यावरचा संगणक जुना, त्याचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालणारं, आणि गळीत हंगामात बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. तो बंद ठेवता येत नाही, बदलताही येत नाही. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टच्या नेहमीच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. अशा संगणकाला इंटरनेट देऊ नका, त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्वतंत्र काढलेल्या नेटवर्कमध्ये) ठेवा आणि लेखा विभागाशी लागेल तेवढीच एक वाट उघडी सोडा. तपासणीची बाकी कामं हंगामाआधी, पावसाळ्यात उरकावीत.

माणसांबद्दल एक सांगायचं आहे. दोषी यंत्र सापडलं की त्या टेबलावरच्या माणसाला चारचौघांत बोलण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मोडा. ज्याला एकदा बोलणी बसली तो पुढच्या वेळी विचित्र मेल उघडल्याचं सांगणार नाही, आणि तुम्हाला पुन्हा तारा काढत बसावं लागेल. तसंच, दुसऱ्याच्या नेटवर्कवर त्याच्या परवानगीशिवाय वायरशार्क लावून बसू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ तिथे लागू शकतात. आपल्या ऑफिसातही चेअरमन किंवा मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या.

पतसंस्थांनी हे प्रकरण जास्त गांभीर्याने घ्यावं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेवर ऑगस्ट २०१८ मध्ये मालवेअरचा हल्ला झाला आणि ११ व १३ ऑगस्टला मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बहुतेक रक्कम २८ देशांतल्या एटीएममधून काढली गेली. ११ तारखेचा तो दिवस दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकेची सुटी. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. विषाणूच्या फैलावासारखी घटना असेल तर ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला १८००-११-४९४९ वर कळवा. २८ एप्रिल २०२२ च्या त्यांच्या निर्देशांनुसार व्यावसायिक संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात. राउटरच्या नोंदी किती दिवस टिकतात ते आजच बघा. बहुतेक स्वस्त राउटरमध्ये त्या वीज गेली की पुसल्या जातात, तेव्हा त्या दुसऱ्या संगणकावर पाठवण्याची सोय करून ठेवा.